भैयाच्या रिपोर्टमधला ७.४

हिंगोली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

"माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. आम्ही त्याला भैया म्हणतो. दहावीत तालुक्यात पहिला आला होता, अकरावी-बारावी लातूरला केली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला त्याला कानात आवाज यायला लागले, कुणीतरी पाळत ठेवतंय म्हणायचा. दीड वर्ष देवदेव केलं, मग नांदेडला सरकारी दवाखान्यात नेलं. स्किझोफ्रेनिया निघाला. आधी इंजेक्शन होतं, त्यानं हातपाय ताठरायचे. आता रात्री ओलॅन्झापिन आहे, ताठरपणाची पॅसिटेन दोनदा आहे आणि झोपेची एक गोळी आहे. चार वर्षं झाली, आवाज नाहीत, संशय नाही. पण त्याच्या डोक्यात काही राहत नाही. दुकानातून तीन वस्तू सांगितल्या तर एक आणतो. मोंढ्यात हळदीचे कट्टे, म्हणजे पोती, मोजताना मधेच आकडा विसरतो. दादा म्हणतात, आळशी झालाय, नुसतं खातो, बिड्या फुंकतो. वजन वीस-बावीस किलोनं वाढलंय. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात सांगितलं की हा आजार म्हणजे मेंदूला आलेली सूज, सूज उतरली की बुद्धी परत येते. मी त्याची सीआरपी तपासणी करून घेतली, ७.४ आली. त्या व्हिडिओवाल्यांच्या केंद्रात तीन महिन्यांचं सूज उतरवायचं पॅकेज १८ हजारांचं आहे. ते म्हणतात, इंग्रजी गोळ्यांनीच सूज वाढते, आधी त्या बंद करा. हळद विकून पैसे आलेत. काय करू? माझा हुशार भाऊ मला परत मिळेल का?"

ताई, गोळ्या बंद करू नका. बाकी सगळं निवांत बोलू, पण हे आधी. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. सात ते बारा महिन्यांच्या काळात गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला, आणि औषध काढून नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा. भैयाचे आवाज चार वर्षं बंद आहेत ते या गोळ्यांच्या आधारावर. आजार पुन्हा उसळला तर नुसते आवाज परत येत नाहीत. माणसाचे कित्येक महिने जातात, आणि आधी होता तिथपर्यंत तो दरवेळी पोचतोच असं नाही. जे केंद्र माणसाला न तपासता "आधी गोळ्या बंद करा" म्हणतं, तिथे १८ हजार काय, १८ रुपयेही देऊ नका.

आता सूज. हा शब्दच घोटाळा करतो. पाय मुरगळला की घोटा फुगतो, डोळ्यांना दिसतो. म्हणून मेंदूला सूज म्हटलं की फुगलेला, पाणी धरलेला मेंदू डोळ्यांपुढे येतो आणि जीव घाबरतो. संशोधक ज्याबद्दल बोलतात तो मंद दाह आहे, एमआरआयमध्ये तो असा फुगलेला दिसत नाही. शरीरात जंतू शिरले, कुठे इजा झाली की रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. अशाच एका निरोपाचं नाव इंटरल्युकिन-६. तो यकृतापर्यंत गेला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं. लॅबनं तुमच्याकडे मोजलं ते हेच, आणि तेही दंडातल्या रक्तात मोजलं.

सीआरपी म्हणजे शिवारात लांबून दिसणारा धूर. धूर आहे एवढं कळतं, कुणाच्या बांधावर काय पेटलंय ते कळत नाही. सर्दी-खोकला झाला, दाढ किडली, हिरड्यांतून रक्त येतं, पोट सुटलं, बिडी आहे, झोप धड नाही, या प्रत्येकानं सीआरपी वाढतो. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या पुढे गेला तर डॉक्टर बहुधा ताजा संसर्ग शोधतात. ३ च्या आत असलेला बरा, असं हृदयविकाराच्या हिशेबात धरतात. ७.४ हा मधला धूर आहे. तो मेंदूतूनच निघतोय असं या रिपोर्टवरून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही आणि त्या व्हिडिओवाल्यालाही नाही.

अडचण अशी की व्हिडिओवाला साफ खोटंही बोलत नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेक लोकांच्या रक्तात सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ सरासरीनं जास्त सापडतात. ज्यांचा सीआरपी जास्त, त्यांची स्मरणाच्या आणि लक्ष देण्याच्या चाचण्यांतली कामगिरी थोडी कमी, असंही दिसलं आहे. त्यातला "थोडी" हा शब्द महत्त्वाचा, व्हिडिओत तोच गळतो. सरासरी वेगळी आणि तुमचा भैया वेगळा. पुष्कळ रुग्णांचा सीआरपी अगदी साधा असतो, तरी त्यांच्या लक्षात राहत नाही. उलट ज्यांना हा आजारच नाही अशा कितीतरी लोकांचा सीआरपी वाढलेला असतो आणि त्यांचा हिशेब चोख असतो.

दाहाचा स्मरणाशी संबंध कसा लागत असेल, यावर खरं काम झालेलं आहे. अन्नातून आपल्याला ट्रिप्टोफॅन नावाचं द्रव्य मिळतं. दाह वाढला की त्याचा जास्त भाग किन्युरेनिनच्या वाटेला वळतो, आणि त्या वाटेवर मेंदूत किन्युरेनिक आम्ल तयार होतं. ते एनएमडीए नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे मेंदूपेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेला, अडवतं. नवं शिकणं, शिकलेलं धरून ठेवणं हे या रिसेप्टरवर बरंच अवलंबून असतं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात हे आम्ल जास्त सापडलेलं आहे. म्हणजे कल्पना हवेतली नाही.

मग दाह कमी करणारं औषध देऊन पाहायला काय हरकत, असं तुमच्या मनात येईल. ते देऊन पाहिलेलं आहे, ताई. म्युनिकमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये नेहमीच्या गोळीला सेलेकॉक्सिब हे सांधेदुखीचं औषध जोडलं आणि सुरुवातीला आशा वाटली. पुढच्या चाचण्यांत कधी फायदा दिसला, कधी नाही. मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकबद्दल तर फार बोललं जात होतं. ब्रिटनमध्ये आजाराच्या सुरुवातीच्या काळातल्या दोनशेहून जास्त तरुणांवर वर्षभर चाचणी झाली, निम्म्यांना ते दिलं आणि निम्म्यांना दिखाऊ गोळी. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: ना लक्षणांत फरक, ना स्मरणात. संशोधक अजून शोधताहेत, कदाचित ज्यांच्यात दाह खरोखर जास्त आहे अशाच रुग्णांना उपयोग होईल का, हे तपासताहेत. ती वाट मला मोलाची वाटते. पण आज तरी "हे घ्या आणि बुद्धी परत मिळवा" असं दाह कमी करणारं औषध कुठल्याच दुकानात नाही.

म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज देऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी मनःस्थितीच्या चढउतारांवरचं लिथियम चालू असेल तर त्यांनी जास्त जपावं, कारण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. बिननावाच्या पुड्यांपासूनही लांब राहा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइडनं चांगल्या माणसालाही भ्रम होऊ शकतो.

हळदीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण हळदीच्या भागातलं पत्र आणि सुजेचा विषय, म्हणजे घरात काढा उकळायला लागलाच असेल. भाजीतली, दुधातली हळद खुशाल द्या. तिनं गोळ्यांचं काही बिघडत नाही. पण हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, आणि या आजारावर त्याच्या चाचण्या झाल्यात त्या लहान आहेत. शोषण वाढावं म्हणून मिऱ्याचा अर्क घालून ज्या कॅप्सूल विकतात त्यांनी काही लोकांच्या यकृताला इजा झालेली आहे. मिऱ्याच्या अर्कानं इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. त्या नकोत.

आता दादांच्या "आळशी" या शब्दाकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचला तो हाच. तीन वस्तू सांगितल्या, एक आणली, यात आळस कुठे आहे? आळशी माणूस दुकानापर्यंत जात नाही. भैया गेला, आणि वाटेत दोन वस्तू डोक्यातून निसटल्या. मनात दोन-चार गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणं, ऐकलेलं पटकन उमगणं, लक्ष न ढळू देणं, कामाचा क्रम लावणं, यांत येणारी अडचण हा स्किझोफ्रेनियाचाच भाग आहे. आवाज आणि संशय गोळ्यांनी शांत होतात, या अडचणीवर त्याच गोळ्या फारशा चालत नाहीत. म्हणून घरच्यांना वाटतं, आजार तर बरा झाला, आता हा नाटक करतोय. कट्टे मोजताना आकडा हरवणं आणि चार वर्षांपूर्वीचे आवाज, दोन्ही एकाच आजाराचे आहेत. एक दिसायला भयंकर होता म्हणून धावपळ झाली, दुसरा गप्प आहे म्हणून बोलणी खातो.

याची बुद्धी अशीच झिजत जाणार का, ही भीती तुमच्या शेवटच्या प्रश्नामागे आहे असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरांनी या आजाराला तरुणपणीचा स्मृतिभ्रंश अशाच अर्थाचं नाव दिलं होतं. स्वित्झर्लंडचे यूजीन ब्लॉयलर वर्षानुवर्षं रुग्णांबरोबर राहिले. सगळेच उतरणीला लागत नाहीत हे त्यांनी पाहिलं आणि १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव सुचवलं. आजही दिसतं ते असं, की स्मरणाच्या अडचणी बऱ्याच जणांत आवाज सुरू होण्याच्या आधीपासून थोड्या असतात, पहिल्या आजाराच्या सुमारास वाढतात आणि नंतर अनेकांत बरीच वर्षं तिथेच थांबतात. म्हातारपणीच्या विस्मरणासारखी ही सरळ घसरण नाही.

एक अपवाद सांगते. मेंदूचा खराखुरा दाह होतो, त्याला एन्सेफलायटिस म्हणतात. त्यातला रोगप्रतिकारक शक्तीच स्वतःच्या एनएमडीए रिसेप्टरवर उलटण्याचा प्रकार २००७ मध्ये ओळखला गेला, आणि तो सुरुवातीला वेडासारखाच दिसतो. पण तो काही दिवसांत, आठवड्यांत भडकतो: फिट येतात, बोलणं बंद होतं, तोंड-हात विचित्र हलतात, कधी ताप असतो. असं कुणाचं झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. भैयाचं चित्र तसं अजिबात नाही.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर सीआरपीच्या रिपोर्टआधी दवाखान्याची चिठ्ठी उघडली असती. त्यात पॅसिटेन आहे, म्हणजे ट्रायहेक्सीफेनिडिल. इंजेक्शननं हातपाय ताठरायचे म्हणून ती सुरू झाली. इंजेक्शन केव्हाच थांबलं, ओलॅन्झापिननं तसा ताठरपणा फार कमी येतो, आणि गोळी मात्र चालूच आहे. आपल्याकडे हे किती घरांत पाहिलं, मी मोजणं सोडून दिलं. दर महिन्याला गर्दीच्या ओपीडीत "तेच पुढे चालू" असा शेरा पडतो आणि वर्षं जातात. ही गोळी मेंदूतल्या असिटिलकोलिनचं काम अडवते, आणि स्मरणाला ते द्रव्य लागतं. म्हातारपणीच्या विस्मरणावर जी औषधं देतात त्यातली बरीचशी हेच द्रव्य वाढवायला देतात. म्हणजे भैयाच्या आठवणीला रोज दोनदा ब्रेक लागतोय, आणि आपण सूज शोधतोय. डॉक्टरांना सरळ विचारा: "ताठरपणा आता नाही, तर पॅसिटेनची अजून गरज आहे का? कमी करता येईल का?" स्वतःहून थांबवू नका. ती हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर त्रास होतो. झोपेच्या गोळीबद्दलही हेच विचारा. त्या गोळ्याही खूप दिवस चालल्या की दिवसा डोकं जड ठेवतात.

त्याच दिवशी रक्तातली साखर, चरबी, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघून घ्या. घर माळकरी असेल आणि दूधदुभतं कमी झालं असेल तर बी-१२ हमखास बघा. त्याच्या कमतरतेनं विस्मरण होतं आणि ते भरून काढता येतं. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असलेल्यांतही बी-१२ घसरतं. कमरेचा घेर टेपनं मोजा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या पुढे तो धोक्याचा धरतात. पोटावरची चरबी स्वतःच इंटरल्युकिन-६ बनवते. ओलॅन्झापिननं वजन वाढतं हे डॉक्टरांना माहीत असतं, पण घरच्यांनी "वीस किलो वाढलं, काय करायचं?" असं विचारलं की विषय पुढे सरकतो. वजन रोखणारं औषध जोडणं किंवा मूळ गोळी बदलणं, दोन्ही शक्य असतं. ते कसं आणि कधी, ते त्यांनाच ठरवू द्या.

म्हणजे धूर कुठून येतोय ते आपल्याला बरंच दिसतंय: पोट, बिडी, आणि कदाचित दात. दात तपासून घ्या, ते कुणी करत नाही. बिडी सोडवताना एक लक्षात ठेवा. बिडीच्या धुरामुळे यकृत ओलॅन्झापिन लवकर संपवतं. बिडी एकदम सुटली की तीच गोळी अंगात जास्त उरते आणि गुंगी वाढते. याच आजारावरची क्लोझापिन ही गोळी चालू असणाऱ्यांत तर हे फार गंभीर होऊ शकतं. म्हणून सोडायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे डोस बघता येईल.

चालणं मी औषधाइतकंच महत्त्वाचं मानते. दम लागेल असं चालणं-पळणं, आठवड्याला मिळून दीडेक तास, एवढ्यानं या आजारात फायदा दिसलेला आहे, लक्ष आणि स्मरण दोन्हींत. "जा, फिरून ये" म्हणून तो जाणार नाही, कारण स्वतःहून सुरुवात करणं हेच या आजारात जड जातं. कुणीतरी सोबत निघायला हवं. दादांनी सकाळी शेतातल्या आखाड्यावर जाताना मोटारसायकल घरी ठेवली आणि दोघं पायी गेले, तर चालणंही होईल आणि दादांचा शब्दही कदाचित बदलेल.

त्याच्या डोक्यावरचा भार कागदावर उतरवा. दुकानाची यादी त्यालाच लिहायला लावा, आणि खिशात ठेवायची जागा रोजची एकच. घरात एका वेळी एकच काम सांगा, ते झालं की पुढचं. मोंढ्यात त्याला सगळे कट्टे मनात मोजायला लावू नका. काट्यापाशी वही घेऊन उभा करा, प्रत्येक कट्ट्याला एक रेघ आणि शेजारी वजन. शेवटी आडत्याची पट्टी आणि त्याची वही ताडून पाहायची. पहिले काही दिवस दहाच कट्टे द्या. चुकला तर चारचौघांत बोलू नका, घरी आल्यावर वही उघडा. मोठ्या संस्थांत लक्ष-स्मरणाचे जे शास्त्रशुद्ध सराववर्ग घेतात, त्यांतही हेच दिसलं आहे की सरावाला खऱ्या कामाची जोड मिळाली तरच तो टिकतो. तुमच्या घरी खरं काम ढिगानं आहे, ही भैयाची जमेची बाजू.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: राज्यातली चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही, हा सल मला कायम आहे. पण छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर प्रमाणपत्रावर सवलती मिळतात. त्यासाठी जी तपासणी होते तिच्यात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, हे चारही बघतात. त्यामुळे तिथे "तो आता बरा आहे" एवढंच सांगू नका, कट्ट्यांचं आणि तीन वस्तूंचंही सांगा.

हुशार भाऊ परत मिळेल का, याचं उत्तर मी हो किंवा नाही असं देऊ शकत नाही, आणि खोटी आशा तुम्हाला द्यायची नाही. पॅसिटेन उतरली, बी-१२ भरलं, वजन-बिडीवर काम झालं, तर त्याचं डोकं आतापेक्षा मोकळं होण्याची चांगली शक्यता मला दिसते. लातूरचा, दहावीतला भैया जसाच्या तसा येईल असं मी म्हणणार नाही. पण तुमचं पत्र दोनदा वाचलं तेव्हा एक जाणवलं. त्यात दादा काय म्हणतात ते आहे, व्हिडिओवाला काय म्हणतो ते आहे, तुम्हाला काय वाटतं ते आहे. भैया काय म्हणतो, ते एकाही ओळीत नाही. रक्त त्याचं काढलं, ७.४ म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलं का? आकडा हरवतो तेव्हा त्याला आत काय होतं, हे कुणी विचारलं का? पुढच्या तारखेला नांदेडला जाल तेव्हा एसटीत त्याला विचारा, आणि तो सांगेल ते त्याच्याच अक्षरात एका कागदावर लिहून घ्या. दवाखान्यात डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर त्याला बसू द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. कागद तो वाचेल. अडखळला तर थांबा. त्याला वेळ लागेल, तेवढा द्या.